चमच्याविषयी एक नम्र सूचना

उम्मेहानी जैनोद्दीन पिंजारी ही मुलगी भांडखोर आहे, असं तिच्या वर्गाचं पहिल्याच वर्षी एकमत झालं. कारण तसं किरकोळ होतं. कुणी चुकीचं बोललं की ती 'हे चूक आहे' असं म्हणायची. आवाज चढवायची नाही, हसायची नाही, नंतर मनातही ठेवायची नाही. पण आपल्याकडं चूक दाखवण्याआधी चहापाणी विचारायची पद्धत आहे, ती तिला कुणी शिकवली नव्हती.

धाराशिवहून येडशीकडं निघालं की शहर संपता संपता आमचं नर्सिंग कॉलेज लागतं. मी तिथल्या ग्रंथालयात असतो. ग्रंथालयात पुस्तकं आहेत आणि पंखा आहे. मुलं पंख्यासाठी येतात. उम्मेहानी पुस्तकांसाठी यायची, म्हणून लक्षात राहिली. येरमाळ्याहून रोज एसटीनं येणं-जाणं. गावात हायवेच्या कडेला तिच्या वडलांचं गाद्या भरायचं दुकान आहे. कापूस जैनोद्दीनभाईंनी पिंजायचा आणि गादीला टाके लालबीनं घालायचे, ही त्या संसाराची वाटणी. लालबीचे टाके मुंगीच्या रांगेसारखे सरळ पडतात, असं गिऱ्हाईक म्हणायचं, आणि जैनोद्दीनभाई पिंजलेल्या कापसाचं कौतुक कधी होईल म्हणून वाट बघायचे.

लालबीला फिट यायच्या. उम्मेहानी चौथीत होती तेव्हा पहिली आली. गोळ्या सुरू झाल्या, फिट कमी झाल्या, पण अधूनमधून येतच राहिल्या. आणि फिट आली की घरात गर्दी. कुणी कांदा फोडायचं, कुणी चप्पल नाकाला लावायचं, कुणी मुठीत किल्ली कोंबायचं, आणि शेजारच्या धुरपताबाई चमचा घेऊन धावायच्या. धुरपताबाई मनानं चांगल्या. आपल्या घरातला चमचा आणायच्या.

त्या गर्दीत दाराच्या चौकटीला धरून उभी असलेली पोरगी पुढं नर्सिंगला आली, याच्यामागं दुसरं काही कारण शोधायला नको. फिट आल्यावर नेमकं काय करायचं, एवढंच तिला शिकायचं होतं. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात ते अर्ध्या पानात सापडलं. कुशीवर वळवा. कपडे सैल करा. टोकाचं, टणक काही जवळ असेल तर बाजूला सारा. धरून दाबू नका. तोंडात काहीही घालू नका. पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

"एवढंच, सर?" तिनं काउंटरवर येऊन मला विचारलं होतं. वाण्यानं माप कमी दिल्यासारखा चेहरा होता.

ते अर्धं पान तिनं घरी नेऊन शिकवलं. जैनोद्दीनभाईंनी ऐकलं. उम्मेहानीच्या भावाची बायको सिमरन, बारावी झालेली, नवी नवरी, नणंदेला बाजी म्हणणारी, तिनं तर पाठच केलं. धुरपताबाईंनी मात्र मान्य केलं नाही.

"दातखीळ बसली की जीभ तुटती गं पोरी. लिहिणाऱ्याचं काय जातंय? तुझ्या पुस्तकाला जीभ हाय का?"

"काकू, चमच्यानं दात तुटतात. तुकडा आत जातो."

"आजवर गेला का? न्हाय ना? मग!"

तरी सिमरन घरात असल्यावर धुरपताबाईंचा चमचा उंबऱ्याच्या आत येऊ शकला नाही. दोन वर्षं असं चाललं.

तिसऱ्या वर्षी कॉलेजात उपक्रम आला. इंटरनेटवर कुणीही लिहावं आणि कुणीही सुधारावं असा एक मराठी ज्ञानकोश आहे. त्यात प्रत्येकानं वैद्यकातल्या एका विषयावर लेख लिहायचा, आणि वर्गातल्या दुसऱ्या कुणीतरी तो तपासून अभिप्राय द्यायचा. लेखाच्या तळाशी तपासणाऱ्याचं नाव आणि अभिप्राय. दोन्हीला गुण. उपक्रम नीला मॅडमचा. सगळे लेख मॅडमनी वाचायचे नव्हते. तेवढा वेळ असता तर मुलांना एकमेकांचे वाचायला कशाला लावलं असतं? मॅडम अभिप्राय वाचणार होत्या. कॉलेजला तपासणी समिती येणार होती आणि समितीला लेखांपेक्षा अभिप्राय दाखवणं सोपं पडतं. ते आखूड असतात.

उम्मेहानीच्या वाट्याला पहिल्यांदा इराचा काविळीवरचा लेख आला. काविळीत हळद पिवळी म्हणून वर्ज्य, असं इरानं लिहिलं होतं. उम्मेहानीनं खाली लिहिलं : "हे चूक आहे. रंगाचा संबंध नाही." इरा रडली. इराच्या वडलांनी प्राचार्यांना फोन केला. त्यांच्या घरात काविळीत हळद तीन पिढ्या बंद होती आणि तिन्ही पिढ्या बऱ्या झाल्या होत्या.

मग नीला मॅडमनी वर्गात नियम सांगितला. दोन फुलं, एक सूचना. आधी लेखातल्या दोन चांगल्या गोष्टी, नंतर एकच सूचना, आणि तीही 'करता आलं तर बरं होईल' अशा वळणाची. 'चूक' हा शब्द अभिप्रायात आला तर गुण कापले जातील.

"पण मॅम, चूक असेल तर?" उम्मेहानीनं विचारलं.

"तर समोरच्याला ती आपणहून सापडली पाहिजे. आपण फक्त दिवा धरायचा, बाळ."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. आठवड्याभरात सगळे अभिप्राय एकसारखे झाले. 'माहिती छान आहे, भाषा सोपी आहे, फोटो टाकता आला तर बरं होईल.' क्षयरोगाच्या लेखाखाली हेच, खरजेच्या लेखाखालीही हेच. ज्या लेखाला आधीच फोटो होता त्याच्याखालीसुद्धा.

याच सुमारास सोमलिंगनं फेफऱ्यावर लेख लिहिला. सोमलिंग जळकोटचा, अंगानं दांडगा, मनानं मऊ, इंजेक्शन देताना पेशंटच्या आधी स्वतः डोळे मिटणारा. लेख खरोखर चांगला होता. फेफरं म्हणजे भूतबाधा नव्हे, लग्नं मोडू नका, गोळ्या मध्येच बंद करू नका, सगळं त्यानं लिहिलं होतं. आणि मधोमध एक वाक्य होतं : झटका आल्यावर रुग्णाच्या दातांमध्ये चमचा धरावा, म्हणजे जीभ चावली जात नाही.

उम्मेहानीनं तो लेख मागून घेतला. मॅडमना आनंद झाला. ही मुलगी पहिल्यांदाच काही मागत होती.

तिचा पहिला अभिप्राय असा होता : "चमचा काढ. दात तुटतो, तुकडा श्वासनलिकेत जातो, माणूस मरू शकतो." मॅडमनी तो परत पाठवला. फुलं कुठं आहेत? दुसऱ्यात तिनं दोन फुलं घातली आणि खाली 'चमचा घालणं धोक्याचं आहे' असं लिहिलं. तोही परत आला. धोका हा शब्द नकारात्मक आहे. ती ग्रंथालयात माझ्यासमोरच्या टेबलाशी बसून तिसरा लिहीत होती. एक शब्द लिहायची, खोडायची. गुण गेले तर शिष्यवृत्ती अडली असती आणि अभिप्राय मंजूर झाला नाही तर तो सोमलिंगपर्यंत पोचलाच नसता. शेवटी जो मंजूर झाला तो असा :

"लेख अतिशय उपयुक्त आहे. भाषा ओघवती आहे. चमच्याविषयीचं वाक्य अधिक स्पष्ट करता आलं तर वाचकांना मदत होईल."

सोमलिंगनं त्याच संध्याकाळी उत्तर दिलं, हात जोडलेल्या चित्रासकट. "धन्यवाद सिस्टर! लगेच करतो." आणि त्यानं खरंच केलं. आता लेखात असं होतं : चमचा स्टीलचा, जेवणाचा असावा. चहाचा लहान पडतो. आधी स्वच्छ धुवावा. दांड्याच्या बाजूनं दातांमध्ये सरकवावा. दातखीळ घट्ट असल्यास किंचित जोर द्यावा.

नीला मॅडमनी हा अभिप्राय वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. एका वाक्याच्या सूचनेनं लेखात पाच वाक्यांची भर पडली! याला विधायक म्हणतात. उम्मेहानी खाली मान घालून बसली होती. तिच्यात चांगला बदल होतोय, असं मॅडमनी स्टाफरूममध्ये सांगितलं.

त्या रात्री तिनं चमच्याची सगळीच वाक्यं स्वतः काढून टाकली. ज्ञानकोश कुणीही सुधारावा असाच असतो. सकाळी सोमलिंगला लेख लहान झालेला दिसला. शब्दसंख्या कमी भरली तर गुण जातात. त्यानं काहीतरी तांत्रिक गडबड झाली असं समजून वाक्यं परत टाकली, आणि मॅडमना प्रामाणिकपणे कळवलं. मॅडमनी उम्मेहानीला बोलावून घेतलं. टेबलावर समितीसाठी आणलेल्या पुष्पगुच्छांचे नमुने होते.

"परीक्षकानं दुसऱ्याच्या पेपरात लिहायचं असतं का?"

"मॅम, पुस्तकात स्पष्ट आहे. तोंडात काही घालायचं नाही. तुम्हीच शिकवलंय."

"मी शिकवलंय ते बरोबरच आहे. मी बघते त्याचं. पण समिती येऊन जाईपर्यंत कुणी लेखाला हात लावायचा नाही. सगळ्यांच्या छापील प्रती फायलीत लागल्यात. आणि उम्मेहानी, हा कोणता गुच्छ बरा वाटतो?"

तिनं पांढरा सांगितला. मॅडमनी लाल निवडला.

बसस्टँडवर तिनं सोमलिंगलाही गाठलं. तो कॅन्टीनची भजी खात होता. तिच्यापुढंही कागद केला.

"सोम्या, तो चमचा काढ."

"अगं, आमच्या आज्जीला घालायचेच की. काय झालं न्हाय."

"आज्जी कशानं गेली?"

"ती ना... दम लागून. पण ते नंतर." त्यानं भजं खाली ठेवलं. "तूच म्हणालीस ना, स्पष्ट कर म्हणून? मला वाटलं, तुला पटलंय. एवढं होतं तर सरळ सांगायचं की!"

"सरळ सांगू देतात का?"

"तेबी खरंच." तो विचारात पडला. "समिती येऊन जाऊ दे. त्याच दिवशी काढतो. आईची शप्पथ."

समिती दिवाळीआधी येणार होती. मग दिवाळीनंतर येणार असं कळलं. मग नवीन तारीख कळवू, असं कळलं. लाल गुच्छ सांगून ठेवले होते, ते रद्द करावे लागले. लेख जसाच्या तसा राहिला.

पौषातली दुपार. जैनोद्दीनभाई दुकानात मशिनीवर, उम्मेहानी शहरात वॉर्डात ड्युटीला. लालबी घरामागच्या नळाशी भांडी घासत होती, तिथंच फिट आली. सिमरननं सगळं बरोबर केलं. सासूला कुशीवर घेतलं, पदर सैल केला, घासायची भांडी लांब ढकलली. तोवर आवाज ऐकून धुरपताबाई आल्या. हातात चमचा.

"काकू, न्हाय. उम्मेहानी बाजी नको म्हणल्यात."

"अगं जीभ बघ तिची! फेस बघ! मेली तर तुझी बाजी येणार हाय का?"

"पुस्तकात हाय, काकू."

"कुठल्या पुस्तकात? दाव मला. दाव!"

सिमरनला वाद संपवायचा होता, आणि तिला खात्री होती. एका हातानं सासूचं डोकं सांभाळत तिनं दुसऱ्या हातानं मोबाइल काढला आणि बोलून विचारलं : फेफरे आल्यावर काय करावे. पहिलाच लेख मराठीत, शुद्ध भाषेत, नावाजलेल्या ज्ञानकोशातला. "थांबा काकू, वाचूनच दाखवते," असं म्हणून ती मोठ्यानं वाचायला लागली. चमचा स्टीलचा, जेवणाचा असावा. ती थांबली. पुन्हा वाचलं. खाली सरकत गेली. तळाशी होतं : हा लेख तपासला, उम्मेहानी जैनोद्दीन पिंजारी. आणि अभिप्राय : लेख अतिशय उपयुक्त आहे.

"आपलीच उम्मे की!" धुरपताबाई म्हणाल्या. "मग काय म्हणत होतीस?"

सिमरननं दोन वर्षं नणंदेचा शब्द मोडला नव्हता. तेव्हाही मोडला नाही.

फिट तोवर ओसरतच आली होती, असं नंतर डॉक्टर म्हणाले. दातखीळ मात्र घट्ट होती. किंचित जोर द्यावा लागला.

वरचे दोन दात तुटले. एक तुकडा मिळाला, एक मिळाला नाही. न मिळालेला तुकडा दुसऱ्या दिवशी एक्स-रेत दिसला, उजव्या फुप्फुसात. सोलापुरात नळी घालून काढला, पण मागं न्यूमोनिया राहिला, आणि न्यूमोनियानं लालबीला महिना-दीड महिना धरून ठेवलं. ती घरी परत आली तेव्हा चार पावलांवर दम लागायचा. भाकरी दुधात भिजवल्याशिवाय खाता यायची नाही. गादीला टाके घालायचा तर प्रश्नच नव्हता. जैनोद्दीनभाई बाहेरून टाके घालून घ्यायला लागले आणि गिऱ्हाईक गादी उलटीपालटी करून बघायला लागलं.

सोमलिंगला कळलं तेव्हा तो कॉलेजच्या जिन्यात बसून रडला. दांडगा माणूस रडायला लागला की बघवत नाही. पोरं वरच्या मजल्यावर जायला दुसरा जिना वापरायला लागली. त्यानं तिथंच मोबाइल काढून सगळी वाक्यं उडवली आणि त्या जागी पुस्तकातलं अर्धं पान घातलं. तो लेख आता बिनचूक आहे. या सगळ्या हकीकतीत चांगलं म्हणावं असं एवढं एकच घडलं, म्हणून नोंदवतो.

नीला मॅडमनी उम्मेहानीला जवळ घेतलं. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "म्हणून तर मी सांगत असते, सूचना स्पष्ट हवी."

उम्मेहानी आता वर्गात फारसं बोलत नव्हती. तिच्याविषयीचं एकमत बदललं होतं. शांत मुलगी आहे, असं सगळे म्हणायला लागले होते. समिती शेवटी फाल्गुनात आली. अभिप्रायांची फाइल बघून समाधान व्यक्त करून, चहा घेऊन गेली. फायलीत छापील प्रत जुनीच होती.

घरी तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं, पहिल्यापासून. तोंडात काही घालायचं नाही. काहीच नाही. लेखात होतं ते चूक होतं.

"मग नाव कसं तुमचं?" सिमरननं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "उपयुक्त म्हणून लिहिलंत की, बाजी."

"तसं लिहावं लागतं. आधी चांगलं लिहायचं असतं."

"चूक असलं तरी?"

"हो."

"मग आता हे सांगताय, ते तरी कसं धरायचं?" सिमरन म्हणाली, आणि सासूची भाकरी भिजवायला उठून गेली.

धुरपताबाईंचा निष्कर्ष केव्हाच काढून झाला होता. त्या गेले महिनाभर भेटेल त्याला सांगत होत्या. रडतही होत्या, चमचा त्यांचा होता. "स्टीलचा होता म्हणून झालं, बया. लाकडाचा पाहिजे होता."

चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेचे दिवस. हायवेवर गाड्यांची रांग आणि एसटीत उभं राहायला जागा नाही. उम्मेहानी उशिरा घरी पोचली तर घरात वेगळीच हवा. जैनोद्दीनभाई हसत होते. सिमरन हसत होती. लालबी भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर सुई-दोरा होता. आजारानंतर पहिल्यांदाच.

"आपल्या अम्मीनं आज सुई धरली," सिमरन म्हणाली.

लालबीनं उशाखालून एक वस्तू काढून लेकीच्या हातात दिली. लाकडी चमचा, यात्रेतल्या दुकानातून आणलेला. त्याच्या दांड्याला जैनोद्दीनभाईंनी आपल्या हातानं पिंजलेला कापूस गुंडाळला होता, चांगला तीनदा पिंजलेला, ढगासारखा. वरून गादीच्या कापडाचा गिलाफ. आणि गिलाफाला लालबीचे टाके. मुंगीच्या रांगेसारखे सरळ नव्हते. मध्ये दोन ठिकाणी हात थरथरलेला दिसत होता, तिथं तिनं उसवून पुन्हा घातले होते. वर टांगायला नाडी.

"अब दाँत को लगता नहीं," जैनोद्दीनभाई म्हणाले. "कापूस लई मऊ घेतलाय."

उम्मेहानीनं तो चमचा फिरवून फिरवून पाहिला. कापसाचा गोळा आईच्या तोंडात पुरेपूर बसेल एवढा होता. श्वासाला जागा राहणार नाही एवढा.

"कैसे आये टाके?" लालबीनं विचारलं. तोंडावर हात धरून विचारलं. दात गेल्यापासून ती तसंच बोलायची. "खरं सांग हां. तू खरं बोलतीस."

खोलीत सगळे तिच्याकडं बघत होते.

"टाके चांगले आलेत, अम्मी," उम्मेहानी म्हणाली. "कापूसही छान पिंजलाय, अब्बा."

लालबीनं तोंडावरचा हात काढला आणि हसली. जैनोद्दीनभाई उठले, त्यांनी लेकीच्या हातातला चमचा घेतला आणि लालबीच्या उशाशी, हात पोचेल अशा खिळ्याला टांगला.

"पण अब्बा..." ती म्हणाली.

"बोल, बेटा," ते म्हणाले, आणि नाडीची गाठ घट्ट करत राहिले.